जवानाचे ध्यान कोणासाठी?

केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतील आत्महत्यांविषयी संसदेत प्रश्न विचारला, की सरकारी उत्तरात योग आणि ध्यानवर्गांचा उल्लेख हमखास येतो. आसाम रायफल्स आणि राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दल धरून या दलांतील 730 जवानांनी 2020 ते 2024 या पाच वर्षांत आपले जीवन संपवले, असे राज्यसभेत सांगण्यात आले. यांतील 80 टक्क्यांहून अधिक घटना जवान रजेवरून परतल्यानंतरच्या आहेत. जमिनीचा तंटा, आईचे आजारपण, सावकाराचा तगादा असे काहीतरी अर्ध्यावर टाकून तो छावणीत येतो, आणि आपण त्याला श्वासाकडे लक्ष द्यायला सांगतो.

मी ध्यानाचा विरोधक नाही. इराकला निघालेल्या अमेरिकी मरीन सैनिकांवर एलिझाबेथ स्टॅन्ली आणि अमिशी झा यांनी अभ्यास केला. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की तैनातीपूर्वीच्या ताणात पुरेसा सराव करणाऱ्यांची कार्यस्मृती टिकली, कमी सराव करणाऱ्यांची घसरली. नाक्यावर उभा असलेला जवान भयाने गोळी झाडत नाही, तेव्हा एखाद्या निरपराध नागरिकाचा जीव वाचतो. हा लाभ लहान नव्हे. पण तेच स्थिर चित्त अचूक नेमही साधते. नेम कोणावर धरावा, हे श्वास सांगत नाही.

म्हणूनच बौद्ध परंपरेत सम्यक स्मृती एकटी येत नाही. अष्टांगिक मार्गात तिच्याबरोबर सम्यक कर्मान्त आणि सम्यक आजीविका आहेत, आणि शस्त्रांचा व्यापार उपासकाला वर्ज्य आहे. विनयपिटकातील एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. मगधाच्या सीमेवर अशांतता माजली असता बिंबिसाराच्या सैन्यातील काही योद्ध्यांना युद्ध हे पाप वाटू लागले आणि ते भिक्षू झाले. राजाने तक्रार केली. त्यानंतर राजसेवेतील माणसाला प्रव्रज्या देऊ नये, असा नियम बुद्धांनी केला. सैनिक अंतर्मुख झाला तर काय घडू शकते, हे राजाला नेमके कळले होते.

आपल्या दलप्रमुखांनी तेवढा विचार केला आहे काय? डोळे मिटून बसलेल्या जवानाला एखाद्या कारवाईतील अपराधभाव आठवेल, वरिष्ठाने केलेला अपमान आठवेल. ते त्याने कोणाला सांगावे? ‘शेप’ वैद्यकीय श्रेणीतील पहिले अक्षर मानसिक स्वास्थ्याचे असते आणि श्रेणी खालावली की बढती अडते. वर्गातले बोलणे कमांडरच्या कानी जाणार असेल, तर कोणी तोंड उघडणार नाही. आणि हुकुमाने बसवलेल्या वर्गाला तर मी ध्यान म्हणायला तयार नाही. सर्व धर्मांचे जवान ज्या तुकडीत आहेत, तिथे ‘नको’ म्हणण्याची मोकळीक हवी, तीही नोंदवहीत न चढता.

ताण कामाच्या तासांचा आणि रजेचा असताना त्याचे खापर जवानाच्या मनावर फोडणे, हा या प्रकरणातला खरा अन्याय आहे. प्रत्येक जवानाला वर्षाचे 100 दिवस कुटुंबासोबत घालवता यावेत, हे उद्दिष्ट गृहमंत्रालयानेच ठरवले आहे. ध्यानवर्गांची संख्या ऐकून घेण्यापूर्वी खासदारांनी विचारावे, की प्रत्येक बटालियनमधील किती जवानांना ते 100 दिवस मिळाले.