शितावरून भाताची परीक्षा, पण कोणत्या शितावरून?

खिशात मावणारे कॅल्क्युलेटर येण्याआधी इंजिनिअर लोक स्लाइड रूल वापरत. पट्टीच्या खोबणीत सरकणारी दुसरी पट्टी, दोन्हींवर लॉगॅरिदमच्या खुणा. लांबीला लांबी जोडली की गुणाकार होई. कारखान्यात मालाचा दर्जा संख्याशास्त्राने तपासणाऱ्यांसाठी तर खास पट्ट्या निघाल्या होत्या. 1972 मध्ये एचपी-35 आले आणि काही वर्षांत त्या अडगळीत गेल्या. त्याचे दुःख नाही. पण त्यांच्यासोबत दोन सवयी गेल्या, त्यांचे आहे.

पहिली सवय अंदाजाची. 2 गुणिले 3 आणि 20 गुणिले 30, दोन्हींचे उत्तर पट्टीवर एकाच खुणेवर येते. ते सहा की सहाशे, हे माणसानेच ठरवायचे. आधी अंदाज, मग उत्तर.

दुसरी नमुन्याची. एकाऐवजी 4 नमुन्यांची सरासरी घेतली तर अपेक्षित चूक पाव नव्हे, निम्मी होते. 16 घेतले तर पाव. हे वर्गमूळ पट्टीवर नजरेसमोर दिसे. वॉल्टर शूहार्ट यांनी 1924 मध्ये नियंत्रण आलेख मांडला तो याच पायावर: मालात थोडा फरक असणारच, प्रत्येक फरक म्हणजे दोष नव्हे. महालनोबिसांच्या निमंत्रणावरून ते 1947-48 मध्ये भारतात येऊनही गेले.

शेतीत हाच प्रश्न आपल्या सातारा जिल्ह्यातील बुधच्या पांडुरंग सुखात्मे यांनी हाताळला. पिकाचा उतारा काढायला शेताचा फार लहान तुकडा कापला, तर कडेची रोपे आत धरली जातात आणि पीक आहे त्याहून जास्त दिसते, हे त्यांनी दाखवून दिले. नमुना घेण्यातच चूक असेल, तर पुढचे गणित कितीही बारीक करा, उपयोग नाही.

आमचा सौंदडचा परिसर धानाचा. सरकारी खरेदीत धानातील ओलाव्याची मर्यादा 17 टक्के आहे. मशीनवर 17.4 आले की बोलणेच संपते. पण मूठ कोणत्या पोत्यातली? वरची, उन्हात वाळलेली, की तळाची, दमट? मशीन खोटे बोलत नाही. ते फक्त त्या मुठीबद्दल बोलते. शेतकऱ्याचा वर्षभराचा घाम एका मुठीवर तोलायचा नसेल, तर अनेक पोत्यांतून, वरून, मधून आणि तळातून धान घ्यावे, मिसळावे, दोन-तीनदा मोजावे, आणि तेही त्याच्या डोळ्यांसमोर.

शितावरून भाताची परीक्षा होते, पण भात नीट ढवळलेला असेल तरच. हे आठवीच्या मुलांना पुस्तकातून नव्हे, धानाच्या पोत्यावर शिकवता येईल. दर्जा, नमुना, अंदाज हे तिन्ही शब्द माझ्या उर्दूच्या तासालाही चालतात आणि मराठीच्याही. मुलांना शब्द परके नाहीत. आकडा समोर आला की "कुठून आला?" असे विचारण्याची सवय तेवढी परकी झाली आहे. ती लावणे आपल्या हातात आहे, आणि त्याला कोणतीही पट्टी लागत नाही.