खुबा दुखतोय? ‘वात’ म्हणून सोडू नका

शेतकरी बंधूंनो, चाळिशीच्या आतला गडी लंगडायला लागला की गावात म्हणतात, “वात धरला.” कुणी चोळून देतं, कुणी सुई टोचतं. पण दुखणं जांघेत असेल, मांडी घालून बसता येत नसेल, तर खोट खुब्यात असू शकते. कधी खुबा बिघडतो नि दुखतो मात्र गुडघा!

मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत फिरतो. त्याला रक्त पोचवणाऱ्या नळ्या बारीक. त्या तुंबल्या की पाणी तुटलेल्या वाफ्यासारखी गत होते. हाड आतून मरतं, मग अंगाच्या भाराने खचतं.

रक्त का तुटतं? खुब्याला मार लागणं हे एक कारण. दुसरं स्टेरॉइड. 2021 साली मुंबईच्या डॉक्टरांनी करोनातून उठलेल्या, चाळिशीच्या आतल्या तीन रुग्णांत हा आजार नोंदवला. करोनात याच औषधाने अनेकांचे जीव वाचले, हेही खरं. धोका आहे तो सांधेदुखीवर महिनोन्‌महिने घेतलेल्या बिननावाच्या पुड्यांचा. त्यात स्टेरॉइड असलं तर तुम्हाला कळणार कसं? मात्र डॉक्टरांनी लिहून दिलेलं स्टेरॉइड मनाने एकदम बंद करू नका. तिसरं कारण रोजची दारू. चौथं सिकलसेल. यात रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, नळीत अडकतात. गडचिरोली, नंदुरबारकडच्या आदिवासी भागात हा आजार बराच आहे.

सुरुवातीला साध्या एक्स-रेत काही दिसत नाही. ‘फोटो चांगला आहे’ म्हणून गप्प बसू नका. दुखणं हटत नसेल तर हाडांच्या डॉक्टरांना विचारून एमआरआय करा. गोळा खचण्याआधी कळलं तर हाडाला छिद्र पाडून आतला दाब कमी करता येतो, सांधा वाचण्याची आशा राहते. खचल्यावर बहुतेकदा सांधाच बदलावा लागतो.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींनो, काम तुमचंही आहे. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम 1 जुलै 2023 ला सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचं उद्दिष्ट. तुमचा भाग त्यात असेल तर आपल्या गावात किती जणांची झाली, हे ग्रामसभेत विचारा. आशाताईंकडची यादी वाचून घ्या.

बैल लंगडला तर आपण त्याच दिवशी ढोरांच्या डॉक्टरला बोलावतो. घरचा गडी लंगडतो तेव्हा मात्र सुगी संपायची वाट बघतो. तेवढी वाट खुबा बघत नाही.