चामडे आमच्या हातचे, परिषद कोणाच्या हातची?

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्रादा कंपनीने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि महाराष्ट्रभर संताप उसळला. "आमचा वारसा चोरला" म्हणून ओरड झाली. त्या संतापात आम्हीही होतो. पण "आमचा वारसा" म्हणणाऱ्यांत असेही लोक होते, ज्यांच्या आजोबांनी ती चप्पल शिवणाऱ्याला कधी उंबरा ओलांडू दिला नाही. चप्पल महाराष्ट्राची अस्मिता झाली, ती घडवणारे चर्मकार आणि कातडे कमावणारे ढोर मात्र जातीनेच ओळखले गेले.

त्याच दिवसांत आमच्या अभ्यासवर्गात एका चर्मकार तरुणाने विचारले, "दादा, माझी चप्पल परदेशात पाठवायची तर जायचं कुठं?" संविधानाची कलमे तोंडपाठ असलेल्या आमच्यापैकी एकालाही धड उत्तर देता आले नाही. हा लेख त्या शरमेतून लिहिला आहे.

उत्तर असे आहे. आधी आयात-निर्यात कोड घ्यावा लागतो. पुढे परकीय व्यापार धोरणाच्या सवलती हव्या असतील तर त्या-त्या मालाच्या निर्यात परिषदेचे नोंदणी व सदस्यत्व प्रमाणपत्र लागते. चामड्यासाठी ही परिषद म्हणजे काउन्सिल फॉर लेदर एक्सपोर्ट्स, अर्थात चर्म निर्यात परिषद. १९८४ मध्ये स्थापन झालेली, चेन्नईला मुख्यालय असलेली आणि केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाच्या पाठबळावर चालणारी. परदेशी प्रदर्शनांत भारतीय दालन कोण मांडणार, बाजार शोधायला सरकारी अर्थसाहाय्य कोणामार्फत येणार, अर्थसंकल्पाआधी उद्योगाच्या मागण्या दिल्लीत कोण नेणार, हे सारे काम ती करते. म्हणजे ही नुसती व्यापाऱ्यांची संघटना नाही. सरकार आणि उद्योग यांच्यामधला तो दरवाजा आहे.

या दरवाजामागचा इतिहास आपण वाचला पाहिजे. भारत पूर्वी कच्ची कातडी आणि अर्धवट कमावलेले चामडे परदेशी पाठवत असे. पक्का माल आणि त्यावरचा नफा तिकडे व्हायचा. १९७२ च्या सीतारामय्या समितीनंतर सरकारने धोरण बदलले. १९७३ पासून कच्च्या कातड्यांची निर्यात थांबवली, अर्धवट कमावलेल्या मालावर मर्यादा घातल्या आणि तयार चामडे, बूट, पिशव्या यांना उत्तेजन दिले. देशाच्या दृष्टीने धोरण योग्यच होते. आज ही निर्यात वर्षाला चार ते पाच अब्ज डॉलरच्या घरात आहे आणि उद्योगात ४४ लाख लोक काम करतात, असे परिषद सांगते.

पण पक्क्या मालाला यंत्रे लागतात, यंत्रांना भांडवल लागते आणि भांडवल जातीच्या उतरंडीप्रमाणेच वाटलेले आहे. बाभळीच्या सालीत कातडे कमावणाऱ्या गावच्या ढोराला कुठली बँक कर्ज देणार होती? त्याचा धंदा गेला, आणि निर्यातीच्या टॅनरीत त्याच्या वाट्याला आली ती मजुरी.

आग्र्याचे उदाहरण बघा. तिथल्या जाटव समाजाने बूट बनवण्याचे कसब कमावले, शिक्षण घेतले आणि बाबासाहेबांची चळवळ डोक्यावर घेतली. १८ मार्च १९५६ ला बाबासाहेब स्वतः आग्र्यात बोलले. पण फाळणीनंतर मुस्लिम व्यापारी गेले, तेव्हा घाऊक बाजाराच्या नाड्या मुख्यतः पंजाबी व्यापाऱ्यांकडे गेल्या. माल जाटवांनी द्यायचा आणि रोख पैशाऐवजी पुढच्या तारखेची 'पर्ची' घ्यायची. ती आधी वटवायची तर कट देऊन. कसब आमचे, उधारीही आमचीच!

इथे काही साथी आक्षेप घेतील. बाबासाहेबांनी तर मेलेली जनावरे ओढायची कामे सोडा असे बजावले होते, मग चामड्याची चर्चा कशाला? बाबासाहेबांचा आदेश योग्यच होता. २०१६ मध्ये उनाच्या अत्याचारानंतर गुजरातच्या बांधवांनी मेलेली जनावरे उचलायला नकार दिला, तोही योग्यच. पण लादलेली घाण नाकारणे वेगळे आणि त्या श्रमातून उभ्या राहिलेल्या संपत्तीवरचा हक्क सोडणे वेगळे. या देशात चामड्याला हात लावणारा अस्पृश्य ठरतो आणि चामड्याची निर्यात करणारा उद्योगपती ठरतो. विटाळ फक्त खालच्या पायरीवर असतो, नफ्याला तो कधी लागत नाही. आपण बाहेर पडलो आणि वरची पायरी दुसऱ्यांना बिनविरोध मिळाली.

धोरणे कोणासाठी वळतात तेही पाहा. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी लागू झाली आणि धारावीतल्या छोट्या कारागिरांचा कच्चा माल आटला. त्यांच्या बाजूने दिल्लीत कोण बोलले? २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात 'वेट ब्ल्यू' या अर्धवट कमावलेल्या चामड्यावरचे आयात शुल्क माफ झाले. ही उद्योगाची जुनी मागणी. पण परदेशातून कंटेनर मागवण्याची ऐपत दहा बाय दहाच्या गाळ्यात बसलेल्या कारागिराची आहे का?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. परिषदेत अनुसूचित जातींचे सदस्य किती आणि समितीत किती, हे दरवर्षी जाहीर करा. कारागिरांच्या सहकारी संस्थांना नाममात्र शुल्कात सदस्यत्व द्या. २०१२ च्या धोरणात सरकारी खरेदीत अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांसाठी ४ टक्के वाटा ठरला, तसाच वाटा परदेशी प्रदर्शनांच्या अर्थसाहाय्यात ठेवा. कोल्हापुरीचे भौगोलिक मानांकन २०१९ मध्ये मिळाले. ते महाराष्ट्राच्या लिडकॉम आणि कर्नाटकच्या लिडकर या महामंडळांकडे आहे आणि प्रादाने पुढे करार केला तोही त्यांच्याशीच. त्यातले किती रुपये शिवणाऱ्याच्या हातात पडले, याचा हिशेब मागा. आणि टॅनरीतल्या मजुराचे वेतन व सुरक्षा ही निर्यात सवलतीची अट करा. नाहीतर आपल्यातले चार मालक तयार होतील आणि मजूर तिथेच राहील.

काम आपल्यालाही आहे. स्पर्धा परीक्षेची पुस्तके वाटतो तशी निर्यातीच्या कागदपत्रांची शिबिरे प्रत्येक वस्तीत घेऊ. पुढच्या वेळी त्या तरुणाने विचारले, "दादा, जायचं कुठं?" तर आपण त्याच्यासोबत अर्ज भरायला बसलेलो असू.

जयभीम!