३० जूनपर्यंत शेरे मागे घ्या

कुलगुरू आणि परीक्षा विभागास,

आम्ही पीएच.डी.चे संशोधक विद्यार्थी. आमचे प्रबंध तुम्ही अडवले आहेत. शेरा एका ओळीचा : मजकूर यंत्राने लिहिल्याचा संशय. तो संशयही एका सॉफ्टवेअरने घेतलेला.

आम्ही अर्ज दिले. स्मरणपत्रे दिली. प्रत्येकाची पोच आमच्याकडे आहे. उत्तर एकाचेही नाही.

आम्ही शांत राहिलो. चूक तुम्हीच दुरुस्त कराल, असे वाटले होते. आता तसे वाटत नाही.

चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने जानेवारी २०२३मध्ये असेच तपासणीचे साधन आणले. जुलैत मागे घेतले. अचूकता कमी आहे, हे त्यांनीच सांगितले.

त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी ७ साधने पारखली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले टोफेल परीक्षेचे ९१ निबंध त्यांना दिले. सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरले. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांच्या निबंधांबाबत मात्र ही साधने जवळपास चुकली नाहीत.

पुढचा शब्द जितका सहज ओळखता येईल, तितका या साधनांचा संशय वाढतो. परक्या भाषेत जपून, मोजक्या शब्दांत लिहिणारा माणूस त्यात सापडतो.

आम्ही तसेच लिहितो. आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळांतून आलो. इंग्रजी कष्टाने कमावली. मार्गदर्शकांनी खोडलेली वाक्ये पुन्हा पुन्हा लिहिली. तीच वाक्ये तुम्ही आमच्याविरुद्ध पुरावा म्हणून धरलीत. हे आम्ही विसरणार नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८चे विनियम तुमच्या दप्तरात आहेत. वाङ्मयचौर्यासाठीसुद्धा, दोष निःसंशय सिद्ध झाल्याखेरीज आणि बचावाची पुरेशी संधी दिल्याखेरीज शिक्षा करता येत नाही. आम्हाला कोणत्या नियमाखाली अडवले, तेही तुम्ही कळवलेले नाही. सुनावणी नाही. शिक्षा सुरू आहे. मौखिक परीक्षा थांबल्या. अधिछात्रवृत्तीची मुदत सरते आहे. प्राध्यापकपदांच्या जाहिराती येऊन गेल्या.

आमच्याकडे क्षेत्रकार्याच्या वह्या आहेत. ऊसतोड कामगारांच्या मुलाखतींची रेकॉर्डिंग आहेत. मार्गदर्शकांच्या लाल शाईतल्या दुरुस्त्यांसह सगळे कच्चे खर्डे आहेत. तुम्ही एकदाही मागितले नाहीत.

३० जूनपर्यंत मुदत देत आहोत. प्रत्येक प्रबंधावरचा शेरा लेखी मागे घ्या. नाहीतर विषयतज्ज्ञांसमोर आम्हाला बसवा आणि प्रबंधातले हवे ते विचारा. तिसरा मार्ग ठेवलेला नाही.

एकेकट्याला दालनात बोलावू नका. कोणी येणार नाही.

मुदत पाळली नाही, तर १ जुलैला उच्च न्यायालयात याचिका दाखल होईल. वकीलपत्रांवर सह्या झाल्या आहेत. हे सॉफ्टवेअर कोणाच्या निर्णयाने आणि किती पैशांत घेतले, याची विचारणा त्याच दिवशी माहिती अधिकारात होईल. आम्ही तासिका तत्त्वावर घेत असलेले वर्ग बंद राहतील. वह्या आणि खर्डे प्रशासकीय इमारतीसमोर मांडले जातील. ज्याला पाहायचे आहेत त्याने यावे.

अडवणुकीच्या आदेशांवर ज्यांच्या सह्या आहेत, त्यांना याचिकेत नावानिशी प्रतिवादी केले आहे.