छापील मजकुराची पारख

आमच्या मराठवाड्यांत लिहिणारांची संख्या वाढली, ही गोष्ट कोणाही विद्याप्रेमी गृहस्थास आनंदाचीच वाटेल. निजामी अमलांत जाहीर सभा भरवावयाची तर परवानगीचा अर्ज करावा लागे, आणि वरचें शिक्षण घ्यावयाचें तर तें उर्दूंतून घ्यावें लागे. १९४८ च्या सप्टेंबरांत ती राजवट संपली. १९९४ सालीं नांदेडास स्वामी रामानंद तीर्थांच्या नांवानें विद्यापीठ स्थापन झालें. आतां लोह्यासारख्या तालुक्याच्या गांवींही प्रबंध लिहिणारे, शोधनिबंध छापणारे आणि वृत्तपत्रांतून मतें मांडणारे आढळतात. लिहिणारे वाढले, पण लिहिलेलें तपासणारे वाढले काय? या प्रश्नाचें उत्तर आम्हांस खेदानें नकारार्थी द्यावें लागतें.

छापून आलेल्या लेखाचें आमच्याकडे दोनच प्रकारें स्वागत होतें. लेखक ओळखीचा असला तर ‘अभ्यासपूर्ण’, ‘संग्राह्य’, ‘दिशादर्शक’ अशीं तीन विशेषणें, एक शाल आणि एक नारळ. तो विरुद्ध पक्षाचा असला तर त्याची जात, त्याचा पक्ष आणि त्याच्या पोटापाण्याचे हितसंबंध यांची कसून चौकशी. दोहोंतही एक गोष्ट समान असते. ती ही कीं, मूळ लेख बहुधा कोणीं वाचलेला नसतो. आमच्या व्यापारी वाचकांस यांतला वेडेपणा निराळा सांगावयास नको. मोंढ्यांत सोयाबीनचें पोतें आलें म्हणजे विकणारा आपल्या नात्यांतला आहे कीं नाहीं हें पाहून कोणी शहाणा भाव ठरवीत नाहीं. तो मूठभर दाणे तळहातावर घेतो. ओल किती, माती किती, डागी दाणे किती हें पाहतो, आणि तेंही पोत्याच्या तोंडचे दाणे नव्हेत, बुडाचे. पोत्याच्या तोंडाशीं चांगला माल असावयाचाच. शोधनिबंधाच्या पहिल्या पानाचेंही तसेंच आहे.

ही परीक्षा आमच्या लोकांस साधत नाहीं असें मात्र कोणीं म्हणूं नये. ग्रँट डफ यानें मराठ्यांचा इतिहास १८२६ सालीं प्रसिद्ध केला. केपन यानें त्याचें मराठी भाषांतर केलें, तें शाळांतून पढविलें जाऊं लागलें, आणि राज्यकर्त्या साहेबानें लिहिलें एवढ्याच पुण्याईवर पुष्कळांस तें वेदवाक्य वाटूं लागलें. पुढें सुमारें चाळीस वर्षांनीं नीळकंठ जनार्दन कीर्तने या डेक्कन कॉलेजांतील तरुण विद्यार्थ्यानें त्या ग्रंथावर टीकात्मक निबंध पुण्यांत वाचला व तो ‘विविधज्ञानविस्तारां’त छापून आला. साहेबाचें पुस्तक, आणि टीका करणारा मिसरूड फुटलेला पोरगा! तथापि त्याच्या हातीं जें शस्त्र होतें तें आजही कोणाच्याही हातीं येण्याजोगें आहे. तुम्ही हें म्हणतां तें कोणत्या कागदाच्या आधारें, आणि तो कागद आम्हांस कोठें पाहावयास मिळेल, एवढेंच त्याचें स्वरूप. आपण वापरलेल्या अनेक कागदांच्या नकला मुंबईच्या विद्वत्सभेकडे ठेवल्याचें डफ टिपांतून सांगतो. मागाहून शोधणारांस त्या सांपडल्या नाहींत. आधार दिसेनासा झाला म्हणजे मोठ्यांतल्या मोठ्या ग्रंथाचेंही वजन कमी होतें, हें त्या प्रकरणीं लोकांच्या ध्यानीं आलें. १८७८ त ‘काव्येतिहाससंग्रह’ निघाला, अस्सल पत्रें व बखरी छापल्या जाऊं लागल्या. आणि १८९८ सालीं राजवाड्यांनीं आपल्या साधनांच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत डफच्या चुका पत्रांच्या आधारानें दाखवून दिल्या.

आतां आजची स्थिति पाहा. प्राध्यापकाच्या बढतीसाठीं छापील निबंधांस गुण मिळूं लागले, तेव्हां ते पैसे घेऊन झटपट छापून देणारीं दुकानेंही जागोजाग उघडलीं. विद्यापीठ अनुदान आयोगानें मान्य नियतकालिकांची यादी केली, तर तिच्यांतही हीं दुकानें घुसलीं. पुणें विद्यापीठांतील भूषण पटवर्धन व त्यांचे सहकारी यांनीं त्या यादीचीच झडती घेतली आणि मार्च २०१८ च्या ‘करंट सायन्स’मध्यें निष्कर्ष मांडला : विद्यापीठांच्या शिफारशीनें आंत आलेल्या ज्या नियतकालिकांची तपासणी झाली, त्यांपैकीं शेंकडा ८८ कसोटीस उतरलीं नाहींत. त्याच वर्षीं मे महिन्यांत आयोगानें ४,३०५ नांवें यादींतून काढलीं. २०१९ सालीं ‘केअर’ नांवाची दुसरी यादी आली, ती २०२५ त बंद झाली. म्हणजे सरकारी शिक्क्याचा भरंवसा होता तोही गेला. आम्हांस याचें फारसें दुःख नाहीं. शिक्का पाहून विद्वत्ता मोजण्याची संवय सुटली तर बरेंच होईल. परंतु शिक्का गेला आणि पारखही नाहीं, अशी दोन्हींकडून नागवणूक होऊं नये.

टीका करावी कशी, याविषयीं आमचें मत थोडक्यांत सांगतों. ज्याच्यावर लिहावयाचें त्याचें म्हणणें प्रथम अशा शब्दांत मांडावें कीं, त्यानेंही मान डोलवावी. मग आधार पाहावा, आंकडे पाहावे, आंकड्यांवरून काढलेला निष्कर्ष त्यांना पेलतो कीं नाहीं तें पाहावें. लेखकाच्या हेतूकडे सर्वांत शेवटीं वळावें, आणि वळावें लागलेंच नाहीं तर उत्तम. उत्तर देणारानेंही आपला धर्म पाळिला पाहिजे. १९३६ सालीं लाहोरच्या जातपात तोडक मंडळानें आपली परिषद रद्द केली, तेव्हां डॉ. आंबेडकरांनीं तिच्यासाठीं लिहिलेलें जातिनिर्मूलनावरील भाषण स्वतः छापून काढलें. गांधीजींनीं ‘हरिजन’ पत्रांत त्यावर टीका केली. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तींत आंबेडकरांनीं गांधीजींचे ते लेख आणि त्यांवरचें आपलें उत्तर, दोन्हीं वाचकांपुढें ठेविलीं. प्रतिपक्षाचें म्हणणें आपल्याच पुस्तकांत छापावयास स्वतःच्या बाजूवर केवढा विश्वास लागतो! आमचे वृत्तपत्रकार बंधु मात्र लेख पहिल्या पानावर छापतात आणि त्याचें खंडन आलेंच तर तें जाहिरातींच्या शेजारीं, बारीक टाइपांत.

दूरचीं उदाहरणें नकोत, असें कोणी म्हणेल, तर नांदेडचे नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) घ्यावे. पीपल्स कॉलेजांत शिकविणाऱ्या या गृहस्थानें मनुस्मृतीची चिकित्सा केली ती तिच्या अभिमान्यांचे युक्तिवाद एकेक उचलून. आणि ‘श्रीमान योगी’स जोडलेल्या आपल्या दीर्घ पत्रांत कौतुकापेक्षां इतिहासाची छाननीच अधिक केली. असा मनुष्य येथून बसनें जेमतेम तासाभराच्या वाटेवर राहून गेला, आणि आम्ही त्याच्या जयंतीस हार घालून मोकळे होतों.

लोह्याच्या सुशिक्षितांस आमची एक सूचना आहे. पंधरवड्यांतून एकदां दहाबारा जणांनीं जमावें आणि या भागाविषयीं छापून आलेला एकच लेख मोठ्यानें वाचावा. उदाहरणार्थ, लाल कंधारी गाईवरचा शोधनिबंध घ्यावा. तो बहुधा इंग्रजींत असेल. प्राध्यापकांनीं त्याचा सारांश मराठींत सांगावा. मग जनावरें पाळणारानें विचारावें : किती गाई पाहिल्या? कोणत्या महिन्यांत? कडब्यावरच्या कीं पेंडीवरच्या? दूध मोजलें तें वासरूं पिण्यापूर्वीं कीं नंतर? त्याच्या शंका लिहून घ्याव्या व निबंधकारास सहीनिशीं पाठवाव्या. उत्तर आलें तर तेंही सर्वांसमक्ष वाचावें. जिल्हा परिषद माळेगांवच्या यात्रेंत पशुप्रदर्शन भरविते व कृषिप्रदर्शनही मांडिते. तेथें एखादा मंडप या वाचनासाठीं मागून घेतां येईल. खंडोबाच्या दर्शनास आलेला गोपालक आपल्या गाईविषयीं काय छापलें आहे हें ऐकावयास खचित थांबेल, आणि तो काय विचारतो हें ऐकावयास निबंधकारानेंही त्या दिवशीं तेथें यावें.