ज्वारी नऊ रुपयांची, बाटली १४८ ची



दारूवर बोलायला आपण कचरतो, आणि त्याला कारण आहे. कर्जापायी शेतकऱ्याने जीव दिला की चौकशीला आलेला साहेब विचारतो, "पीत होता का?" घरच्यांनी मान हलवली की कर्ज, नापिकी, पडलेला भाव मागे पडतो आणि प्रकरण अपात्र ठरवायला वाट मोकळी होते. भाव पाडायचा सरकारने आणि दोष लावायचा बाटलीवर, हा कावा आपण कधी मान्य केला नाही, आजही करत नाही. पण त्यांना निमित्त मिळेल म्हणून आपण गप्प बसलो तर फावते कोणाचे? दारू विकणाऱ्याचे आणि तिच्यावर कर घेणाऱ्याचे. तेव्हा कापसाचा, ज्वारीचा हिशेब मांडतो तसा बाटलीचाही मांडू.

कोरडवाहू एकरावर भागत नाही म्हणून यवतमाळ, हिंगोली, परभणी, बीडची पोरे कुठे जातात? भोसरी, तळवडे, निघोजे, महाळुंगे, चाकण. ज्या चाकणात १९८० साली शेतकरी कांद्याच्या भावासाठी रस्त्यावर उतरला, त्याच चाकणच्या शिवारात आता मोटारींचे आणि त्यांच्या सुट्या भागांचे कारखाने आहेत. आपले पोर तिथे ठेकेदाराच्या हाताखाली राबते. एका खोलीत पाच-सहा जण, बारा-बारा तासांची पाळी, घर शेकडो किलोमीटर लांब. पाळी सुटली की रस्त्याला देशीचे दुकान आहे, बिअर शॉपी आहे, परमिट रूम आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गालगत दारू विकायला बंदी केली. २०१७ साल संपायच्या आत शहरांच्या हद्दीतली दुकाने त्या बंदीतून सुटली. ज्यांच्यासाठी पळवाट शोधायची असते, त्यांना ती लवकर सापडते.

आता हिशेब. जून २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने दारूवरचा कर वाढवला आणि 'महाराष्ट्र मेड लिकर' नावाचा नवा प्रकार काढला. ही दारू धान्यापासून करायची. १८० मिलीलिटरच्या बाटलीची, म्हणजे क्वार्टरची, किमान किंमत १४८ रुपये ठरली. देशीची ८० रुपये. या निर्णयातून वर्षाला १४ हजार कोटी रुपये जादा मिळतील असा सरकारचा अंदाज होता. वीस हजार कोटींहून अधिक तर आधीच मिळत होते.

एका क्विंटल ज्वारीतून ३८ ते ४० लिटर मद्यार्क निघतो. क्वार्टरमध्ये ४२ टक्क्यांच्या आसपास मद्यार्क धरला तर तिला पाव किलोही ज्वारी लागत नाही. २०२५-२६ चा संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये. म्हणजे पाव किलोचे झाले सव्वानऊ रुपये. तेही हमीभाव हातात पडला तर! आपल्या शेतातून नऊ रुपयांचे धान्य जाते आणि चाकणात आपल्याच पोराला ते १४८ रुपयांना विकले जाते. मधले १३९ रुपये कोणाचे? कारखानदाराचे, दुकानदाराचे आणि सरकारचे.

तरी २००७ मध्ये सरकारने सांगितले होते की धान्यापासून मद्यार्काचे कारखाने काढू, पावसाने काळी पडलेली ज्वारी घेऊ, कोरडवाहू शेतकऱ्याचे भले होईल. त्या कारखान्यांना अनुदानही जाहीर केले. भावांनो, काळी ज्वारी घेणारा गिऱ्हाईक काळ्या ज्वारीचाच भाव देतो. त्याला मका स्वस्त पडला तर तो मका घेईल, तांदळाची कणी स्वस्त पडली तर कणी घेईल. ज्वारीला भाव हवा तो तिच्या भाकरीला, कडब्याला, खुल्या बाजारात. आपल्या पोराचे काळीज जाळून मिळणारा भाव आपल्याला नको.

पोर एक दिवसाआड एक क्वार्टर घेते असे धरा. महिन्याला २,२२० रुपये, वर्षाला २६,६४०. मध्यम धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ७,७१० रुपये. म्हणजे वर्षाला जवळपास साडेतीन क्विंटल कापूस घशाखाली गेला. कोरडवाहूत एवढा कापूस एकरभरातून काढताना काय होते ते तुम्हाला सांगायला नको. बाप इकडे एक एकर पिकवतो, पोर तिकडे एक एकर पिते, आणि दोघांनाही वाटते की पैसा कुठे जातो कळत नाही.

हे झाले पैशाचे. देहाचे गणित याहून वाईट आहे. एका क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम मद्यार्क असतो. निरोगी यकृत तासाला सात-आठ ग्रॅम निपटते. रात्री दहा-अकराला घेतलेली क्वार्टर सकाळी सहाच्या पाळीला पुरती उतरलेली नसते. चहाने उतरत नाही, लिंबाने उतरत नाही, थंड पाण्याच्या अंघोळीने उतरत नाही. डोळा उघडा असतो, हात मात्र क्षणभर मागे असतो. प्रेस मशीनला तो क्षण पुरतो. बोट गेले की ठेकेदार विचारतो, "पिऊन आला होतास का?" कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यातच अट होती की नशेमुळे अपघात झाला, आणि मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले नाही, तर मालक भरपाई द्यायला बांधील नाही. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती अट ठेवली आहे. पंचनाम्याचा साहेब आणि कारखान्याचा ठेकेदार एकच प्रश्न विचारतात, कारण दोघांनाही द्यायचे काहीच नसते.

थकवा जातो म्हणून पितो, असे पोरे म्हणतात. दारूने डोळा लवकर लागतो, पण झोप मोडते आणि सकाळी थकवा वाढलेला असतो. मग थोडी जास्त लागते. यकृतावर आधी चरबी चढते, मग सूज येते, मग ते आकसते. दारूने तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, आतडे आणि बायकांना स्तनाचा कर्करोग होतो. खर्रा आणि दारू एकत्र आली की तोंडाचा व घशाचा धोका कितीतरी वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले की दारूचे सुरक्षित प्रमाण असे काही नाही. कर्ज दारूने होत नाही हे खरे. पण कर्जाच्या रात्री पोटात दारू असली की माणसाचा तोल सुटतो, आणि सकाळी जो विचार टळला असता तो रात्रीच घात करतो.

मग सरकारने बंदी करावी का? वर्धा जिल्ह्यात कित्येक दशके बंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ मध्ये केली आणि २०२१ मध्ये उठवली. सरकार एका हाताने बंदी करते, दुसऱ्या हाताने परवाने वाटते. बंदी मागे घेतली की विचारायला कोणी उरत नाही, आणि चोरटी दारू गरिबालाच मारते. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसे गेली. गावाने आणि वस्तीने स्वतः ठरवले तरच ते टिकते.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे चार गोष्टी ठेवत आहोत.

१. २००८ च्या नियमाप्रमाणे गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या केल्या की दुकानासाठी गुप्त मतदान घ्यावे लागते. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. गैरहजेरी ही दुकानदाराच्या बाजूची मोजली जाते, म्हणून प्रत्येक बाई मतदानाला आली पाहिजे.

२. चाकण-भोसरीत कायम राहणाऱ्या आपल्या पोरांनी आणि सुनांनी तिथल्या मतदार यादीत नाव घालावे. खोलीपुढच्या दुकानावर त्यांचे मत तेव्हाच चालेल.

३. पगार झाला की ठरलेली रक्कम त्याच दिवशी घरच्या खात्यात जावी, आणि ते खाते पोराच्या आईच्या किंवा बायकोच्या नावाने असावे.

४. ज्याला सुटत नाही त्याला हिणवू नका. रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर थरथर, झटके, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्याला आधी दवाखान्यात न्या. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करते आहे.

भाव मागायला आपण रस्त्यावर उतरतो. मिळालेला भाव रस्त्याकडेच्या दुकानात परत द्यायचा असेल, तर लढलो कशाला?