स्ट्रोकनंतर चालायला मदत करणारा ‘रोबो’: फायदा नेमका कोणाला?

स्ट्रोक, म्हणजेच पक्षाघातानंतर अनेकांचा एक पाय कमकुवत होतो. चवडा उचलत नाही, पाऊल जमिनीला घासतं आणि तोल जातो.

यंत्र काय करतं?
अमेरिकेच्या एफडीएने जून २०१९ मध्ये ‘रीस्टोर’ या कापडी सूटला मान्यता दिली. कमरेवरची मोटर केबल ओढते. त्यामुळे चवडा वर उचलला जातो आणि जमीन मागे रेटायला जोर मिळतो. मात्र तो फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच वापरायचा असतो.

पुरावे काय सांगतात?
चालण्याचा सराव करून घेणाऱ्या विविध यंत्रांच्या ६२ चाचण्या (२४४० रुग्ण) कॉक्रेनने २०२० मध्ये तपासल्या. यंत्राला फिजिओथेरपीची जोड दिल्यास साधारण ८ जणांमागे १ जण जास्त, दुसऱ्याच्या मदतीशिवाय चालू लागतो. सर्वाधिक लाभ पहिल्या ३ महिन्यांत आणि अजिबात चालू न शकणाऱ्यांना होण्याची शक्यता असते. चालण्याचा वेग मात्र फारसा वाढत नाही.

मग करायचं काय?
व्हायरल व्हिडिओ पाहून यंत्रासाठी थांबू नका. डॉक्टरांच्या सल्ल्याने फिजिओथेरपी लवकर सुरू करा. यंत्र तिला जोड देतं, तिची जागा घेत नाही.